दुकान उघडं असलं की कांबळे अरबी वाचायचा

बहरीनहून सुट्टीवर आलो की लोक आधी सोनं बघतात आणि मग किस्से मागतात. सोनं कस्टमवाल्यांना दाखवावं लागतं, किश्श्यांना कुणी अडवत नाही, त्यामुळे ते भरपूर साठलेत. त्यातले निम्मे पाट्या वाचण्याचे, आणि त्या निम्म्यांत बहुतेक ठिकाणी आमचा कांबळे!

नव्वदच्या दशकात मी, कांबळे आणि जोशी मनामात एका फ्लॅटमध्ये राहायचो. कंपनी एसी बसवायची. कांबळे टेक्निशियन, कोल्हापूरकडचा. जोशी इंजिनिअर, पुण्याचा. मी अकाउंट्समध्ये. कांबळेनं बायकोला दर फोनवर सांगितलेलं, "मी आता अरबी पाट्या घडाघडा वाचतोय." आणि एक दिवस सुषमावहिनींचा व्हिसा आला! कांबळेची झोपच उडाली. मग आम्ही तिघंही शिकायला बसलो.

जोशी म्हणाला, "आधी आकडे शिकू, सोपे असतात."

त्याच आठवड्यात त्याला ऑफिसातल्या सावंतच्या अराद भागातल्या घरी जेवायला बोलावणं आलं. घर नंबर एक. आता अरबी नऊ दिसतो आपल्या एकासारखा! जोशीनं नऊ नंबरची बेल वाजवली. आतल्या अरब आजोबांनी काही न विचारता त्याला बसवलं, कॉफी दिली, खजूर दिले. जोशी खुशाल खात बसला. बऱ्याच वेळानं त्यानं हिंदीत विचारलं, "सावंत अभी तक नहा रहा है क्या?"

आजोबा प्रेमानं म्हणाले, "इंशाल्ला!"

कांबळेची पद्धत वेगळी. तो आधी दुकानात डोकावायचा, मग पाटीकडे बघून मोठ्यानं वाचायचा. आत बांगड्या दिसल्या की "सोन्याचं दुकान!" रोट्या दिसल्या की "बेकरी!" चुकायचा प्रश्नच नाही.

चुकला तो अदलिया भागात. एका हॉटेलात आतल्या दालनाला पडदे होते, वर अरबी पाटी होती. आत डोकावून कांबळे म्हणाला, "एसी हॉल. चला!" आम्ही तिघं ऐटीत जाऊन बसलो. मल्याळी वेटर धावत आला. "ये फॅमिली सेक्शन है! फॅमिली किधर है?"

कांबळेनं जोशीच्या खांद्यावर हात टाकला. "ये मेरा मामा है."

जोशी त्याच्यापेक्षा वयानं लहान होता!

शेवटी वहिनी आल्या. शुक्रवारची सुट्टी नव्हती, पण आम्ही मुद्दाम हाफ डे टाकला. कांबळेची फजिती आम्हाला चुकवायची नव्हती. बाब अल बहरीनच्या बाजारात आम्हीच त्यांना दुपारी नेलं, म्हणजे दुकानं एक ते चार बंद असतात तेव्हा!

सगळी शटरं खाली. वहिनींनी एका पाटीकडे बोट दाखवलं. "हितं काय लिवलंय ओ?"

कांबळेनं शटरकडे बघितलं, मग आमच्याकडे. घाम पुसत म्हणाला, "चपलांचं दुकान."

"मग थांबूया की," जोशी लगेच म्हणाला. "वहिनींना चपला घेऊ."

चारला मालक आला. शटर वर गेलं. आत जमिनीपासून छतापर्यंत गालिचेच गालिचे! जोशीनं मला कोपर मारलं. कांबळे मान खाली घालून उभा राहिला. त्याचं तोंड बघून मलाही जरा वाईट वाटलं.

मालकानं उंबऱ्यापाशी आपल्या चपला काढल्या आणि तो अनवाणी आत गेला.

वहिनींनी त्या चपलांकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे.

"बरोबरच वाचलंय की ह्यांनी," त्या म्हणाल्या. "माल जरा कमी हाय, एवढंच."