राशीच्या मशीनमधला हात

चैत्रातल्या दुपारी सूर्य डोक्यावर आला की होटगीच्या पलीकडच्या आमच्या रानात लोखंड घुमू लागतं. वारा पडलेला असतो, लिंबाचं पान हलत नसतं, दूर रेल्वेच्या रुळांवर उन्हाच्या झळा थरथरत असतात. आणि त्या निःशब्द, निर्मनुष्य माध्यान्ही, कित्येक वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या जुन्या मळणी यंत्राच्या पोटातून एक खोल, अखंड स्वर उमटतो. भरल्या घरात कुणी तोंड मिटून रडावं, तसा. तुम्ही ऐकला आहे कधी असा स्वर? उन्हाने पत्रा प्रसरण पावतो, आतली कोंडलेली हवा फटींतून वाट काढते, म्हणून आवाज होतो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः सोलापूरच्या शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं आहे. पण ज्ञान वर्गात असतं आणि भर दुपारी रानात एकटीच्या अंगावर काटा येतो तेव्हा ते जवळपास फिरकतही नाही!

जुन्या यंत्रांचं मला वेड आहे, आणि त्यापायी मी घरच्यांची पुष्कळ थट्टा सोसली आहे. "लोकांच्या लेकी सोन्याकडं बघत्यात, आमची गंजाकडं बघती," असं माझी चुलती म्हणते. खोटं कशाला बोलू? कुठे एखाद्या पडक्या शेडमध्ये पुढची चाकं जमिनीत रुतलेला, आसनाच्या जागी बाभूळ उगवलेला ट्रॅक्टर दिसला की मी बस सोडून उतरते. त्या यंत्रांच्या अंगावर काळ कसा बसलेला असतो! जिथे माणसाचा पाय रोज पडे तेवढाच पत्रा अजून गुळगुळीत असतो, जिथे तळवा टेके तेवढंच चाक अजून चकाकतं. माणूस निघून जातो आणि त्याच्या अवयवांच्या जागा मात्र मागे राहतात.

आमच्याकडे मळणीला रास म्हणतात, म्हणून ते राशीचं मशीन. आजोबांनी ते घेतलं तेव्हा पंचक्रोशीत बहुतेक खळ्यांवर बैलांची पात फिरत होती. समोर ट्रॅक्टर उभा करायचा, त्याच्या चाकावरून मशीनच्या चाकावर लांबलचक पट्टा चढवायचा, आणि मग सगळं शिवार हादरू लागायचं. ज्वारीची खुडलेली कणसं एका तोंडाने आत जायची, दुसरीकडून दाणा पडायचा, तिसरीकडून भुसकटाचा लोट उसळायचा आणि अंगाला खाज आणणारी ती कणसांची बारीक कूस आठवडाभर गळ्यातून निघायची नाही. आता गव्हाला परप्रांतातून मोठाली यंत्रं येतात, तासाभरात रान मोकळं करून जातात. ज्वारीला मात्र ती चालत नाहीत, कारण आम्हाला कडबा अख्खा लागतो. सोलापूरचा माणूस एक वेळ दाणा कमी आला तर चालवून घेईल, कडब्याची नासाडी त्याला बघवत नाही.

आपल्या भाषेने यंत्राला काय काय दिलं आहे, पाहा! त्याला तोंड आहे, दात आहेत, पोट आहे. मजूर म्हणतात, "मशीनला घास द्या." इतकं सगळं देऊन झाल्यावर एखाद्या दिवशी त्याने खरोखरच घास घेतला, तर नवल कशाचं करायचं?

तो घास माझ्या चुलत्यांच्या उजव्या हाताचा होता. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मी तेव्हा अगदी लहान होते. मला फक्त एवढं आठवतं की पट्ट्याचा आवाज बदलला आणि मग आवाजच उरला नाही. तात्यांना ट्रॉलीत घालून सोलापूरला नेलं. जीव वाचला, हात मनगटाच्या वर संपला. आजोबांनी त्या दिवशीची रास मोजली नाही, घरात आणली नाही, पाखरांना सोडून दिली, आणि मशीन जिथे होतं तिथेच, जसं होतं तसंच, कायमचं उभं ठेवलं. पोटात राहिलेल्या दाण्यांना पुढच्या पावसाळ्यात कोंब फुटले आणि पत्र्याच्या सांध्यांतून ज्वारीची ताटं बाहेर आली. त्यांना कणसंही धरली. ती कुणी खुडली नाहीत. पाखरंसुद्धा त्यांना शिवत नाहीत, असं गावात म्हणत. मी मात्र चिमण्यांना तिथे मजेत दाणे टिपताना पाहिलं आहे.

आणि इथेच ती चूक झाली, जी आमच्याच माणसांकडून व्हावी. खळ्यावर अभद्र बोलायचं नाही, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. रास चालू असताना शिंक आली तर ती पदरात दाबायची, मेल्या माणसाचं नाव काढायचं नाही, रक्ताचं तर नाहीच नाही. त्यामुळे तुटलेला हात कुठे गेला, हे कुणी कुणाला विचारलंच नाही! तुटला अवयव मातीला द्यायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक. आजीला वाटलं, आजोबांनी दिला. आजोबांना वाटलं, मशीन चालवणाऱ्या चाँदभाईंनी दिला. चाँदभाई त्यानंतर आमच्या उंबऱ्यावर आलेच नाहीत. आजी गेली, आजोबा गेले, चाँदभाईही गेले, आणि प्रश्न कुणाच्याही ओठांवर न येता तसाच पडून राहिला. रीती माणसाला सांभाळतात, पण कधी कधी त्या माणसाचा गळाही किती हळुवारपणे आवळतात!

तात्यांच्या मनाने मात्र उत्तर कधीच ठरवून टाकलं होतं. हात मशीनमध्येच आहे.

मला हे कळलं ते मागच्या माघात. मी एकटीच रानात गेले होते, फोटो काढले, आणि मोह झाला म्हणून सगळं वजन टाकून ते मोठं चाक ओढून पाहिलं. ते किंचाळत जेमतेम अर्धं फिरलं आणि अडलं. रान घरापासून चांगलंच लांब, मध्ये टेकाड. मी परतले तर तात्या ओसरीवर रिकामी बाही छातीशी धरून बसले होते, कपाळावर घाम.

"चाक फिरीवलंस व्हय गं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोटं चेंगारली की."

वाऱ्याने आवाज आला असेल, असं मी स्वतःला समजावलं. विज्ञानाच्या बाईला प्रयोग केल्याशिवाय चैन कुठली? दुसऱ्या दिवशी मी चाकाला शिवले नाही. मशीनच्या तोंडाच्या काठावर फक्त तळवा टेकवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात तसा, आणि थोडा वेळ उभी राहिले. पाखरूही उडालं नाही. घरी आले तेव्हा तात्या हसत होते. म्हणाले, "आज लई हळू धरलास." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे तुम्हाला सांगायला लाज कसली?

तुम्ही म्हणाल, तुटलेल्या अवयवाच्या वेदना मेंदूत शिल्लक राहतात. राहतात, मान्य! पण माझा तळवा जिथे टेकला होता, तिथे तात्यांचा मेंदू नव्हता.

पुढचं सगळं माझ्याच हौसेने ओढवलं. हमरस्त्यावर नवं हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थांना दाराशी मांडायला जुना ट्रॅक्टर आणि जुनं मशीन हवं होतं, रंगरंगोटी करून, फुलांच्या माळा सोडून. मला परमानंद झाला. गंजून मरण्यापेक्षा हे बरं नव्हे का? तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "न्या की. पर आदी त्ये उघडा. माजं वय झालं. मी मेल्यावर मला जाळशीला, आन्‌ हात ऱ्हाईल त्येच्यात. त्येला कोन न्हेईल? लोकं च्या पीत बसतील आन्‌ त्यो आत बसल वाट बघत." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. प्रवासाला निघालेला माणूस पिशव्या मोजतो, तसला तो आवाज होता. मला मात्र त्या क्षणी हॉटेलच्या दाराशी, रंगीत दिव्यांखाली, माळा घातलेलं ते तोंड दिसलं.

पत्रा कापायला होटगीहून चाँदभाईंचा मुलगा सलीम आला. पन्नाशीचा, अबोल, डोळ्यांवर काळा चष्मा. वेल्डिंगचं त्याचं स्वतःचं दुकान आहे. भर सकाळची वेळ, तरी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जणू पुन्हा रासच चालली होती. निळी ज्योत फिरू लागली, सांधा न्‌ सांधा सुटू लागला आणि पत्र्याचं अंग बाजूला झालं. आत काय होतं? गांधीलमाशांची वाळकी घरटी होती, उंदरांनी केलेली भुसकटाची बिछायत होती आणि ढोपरभर काळी भुकटी, जी कधीकाळी ज्वारी होती. तात्या खाली बसले. त्यांनी चुलतीकडून सूप मागून घेतलं. ती भुकटी सुपात घ्यायची, डाव्या हाताने पसरायची, बोटांनी चाचपायची, टाकून द्यायची आणि पुन्हा घ्यायची. चुलती समोर बसून पाखडू लागली. मीही बसले. आम्ही तिघं भर उन्हात एका माणसाचा हात पाखडत होतो. कशाची आशा होती आम्हाला? हाडाच्या कपचीची? सलीम न राहवून जवळ आला.

"तात्या, काय हुडकताय?"

"हात."

सलीमने चष्मा काढला. त्याचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता यायचं नाही. "हात हितं कुटं, तात्या? अब्बानं तर तवाच काडला. त्याच दिवशी. तुमाला ठावं न्हाय?"

चाँदभाईंनी ट्रॉली निघून गेल्यावर एकट्याने मशीनच्या पोटातला ड्रम उघडला होता, हात बाहेर काढून धुतला होता, आपल्या खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळून बांधाच्या कोपऱ्यात बोरीखाली पुरला होता आणि आपल्या रीतीने त्यावर फातिहा पढला होता. घरच्यांनी विचारल्याशिवाय असलं अभद्र आपण होऊन काढायचं नाही, म्हणून ते गप्प राहिले. दरसाल मात्र सलीमला घेऊन त्या बोरीपाशी यायचे. कुणाची कबर, असं पोराने विचारलं तर म्हणायचे, "आपल्या दोस्ताची. दोस्त जित्ता हाय, देवाची मेहेरबानी."

मी त्या मोकळ्या पडलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. हात जर यात कधी नव्हताच, तर माघातल्या त्या दिवशी मी काय धरलं होतं? मशीनच्या तोंडाशी माझा तळवा कुणाला जाणवला? मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आमच्या रक्तातली रीत, दुसरं काय!

तात्या उठले. कुणाला काही न विचारता बांधाकडे चालू लागले. सलीम बोरी दाखवायला पुढे झाला, पण तात्यांना वाट दाखवावी लागली नाही. कोपऱ्यात बोरीची सावली पायापुरती उरली होती. तिथे ते गुडघ्यांवर टेकले आणि डावा तळवा त्यांनी भुईवर उपडा ठेवला. मग तो किंचित उजवीकडे सरकवला, थोडा मागे घेतला, बोटं आधी फाकवली, मग एकेक करून जवळ आणली. खालचं काहीतरी नेमकं जुळवून घेत असल्यासारखी. जुळलं असावं. तात्यांचा हात स्थिर झाला, डोळे मिटले, आणि त्यांनी त्या हातावर कपाळ टेकलं. इतक्या वर्षांत तात्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार करता आला नव्हता. त्यांनी देवळात नुसतं डोकं टेकवावं आणि परतावं, हे मी कित्येकदा पाहिलं होतं.

सलीम ओंजळ पसरून उभा राहिला. चुलतीने डोक्यावरून पदर घेतला. मी मात्र तात्यांच्या बोटांकडे बघत होते, आणि त्या काळ्या भुईखालून ती कुणीतरी हलकेच दाबत होतं.