संकष्टीचा चंद्र आणि मामींचा प्रश्न

चेन्नईत संध्याकाळी कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, 'साप्टाच्चा?' म्हणजे जेवण झालं का? वेलचेरीत आमच्या शेजारच्या तमिळ मामी मला तो रोज विचारायच्या, आणि मी कुलूप उघडता उघडता 'आच्चु, मामी' म्हणायचे. झालं म्हणे! पेरुंगुडीच्या ऑफिसातून शेअर ऑटोत अंग चोरून बसून आलेली मी कुठली जेवलेली असणार? पण खरं उत्तर द्यायचं तर थांबावं लागतं, आणि थांबायला मला सवड नव्हती.

घरात चार वर्षांची लेक होती आणि बायपास होऊन दीड महिना झालेल्या सासूबाई. इलाजासाठी आम्ही त्यांना साताऱ्याहून इथे आणलं होतं. दिवसा दोघींजवळ एक बाई थांबायच्या. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीला. आणि मी? लेकीच्या वेळी मागे लागलेली साखर बाळंतपणानंतरही गेली नव्हती. त्या वर्षी रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन सुरू झालं. सासूबाईंना, आमच्या आईंना, हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. 'सांग की,' नवरा म्हणाला. मी म्हटलं, त्यांच्या छातीचे टाके तरी सुकू देत. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे इंजेक्शन ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आईंनी तीस वर्षं संकष्टी केली होती. डॉक्टरांनी उपास बंद केले तेव्हा त्या जेवढ्या रडल्या तेवढ्या ऑपरेशनलाही रडल्या नव्हत्या. मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "व्रत मोडू नये गं. सुनेनं पुढं चालवलं तर चालतं. घेशील का तू?" नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

साताऱ्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. पहिल्याच संकष्टीला त्यात चंद्रोदय नऊला होता. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पावणेनऊला मी न्हाणीघरात दार लावून सुई टोचून घेतली. पोटात दिवसभरात दोन केळी गेली होती. मोदक उकडून झाकून ठेवले होते. त्यात हात घालणाऱ्या लेकीला मी एक धपाटाही दिला होता. आता आरती, चंद्रदर्शन, नैवेद्य आणि जेवण. सगळं कसं मिनिटामिनिटाला बसवलेलं.

आईंची आरती लांबली. चंद्र दिसल्याशिवाय नैवेद्य नाही, हा त्यांच्या घरचा नेम. आमच्या बाल्कनीसमोर नवी इमारत उभी राहिलेली, म्हणून मीच गच्चीवर जाऊन बघून यायचं ठरलं. वीज गेलेली, लिफ्ट बंद. लेक मागे लागली, तिला कडेवर घेऊन तीन जिने चढले. तेव्हाच पायांना कंप सुटला होता. मला वाटलं, दम लागलाय.

गच्चीवर मी पूर्वेच्या कडेला आभाळाच्या अगदी तळाशी बघत राहिले. आत्ता उगवेल, आत्ता उगवेल. चंद्राचा पत्ता नव्हता. मानेवरून घाम निथळू लागला, ओठ बधिर झाले. खाली जावं आणि जेवावं, हे मला कळत होतं. पण आई दारात ताट घेऊन विचारतील, "दिसला का?" मग काय सांगू? आणखी दोन मिनिटं, म्हटलं. काय हा हट्ट! त्या दोन मिनिटांचा मला अजून राग येतो.

लेकीचा हात माझ्या हातातून कधी सुटला ते कळलं नाही. बघते तर कठड्याशी रचलेल्या विटांवर ती चढत होती. "आई, मी बघते चंद्र!" तिला हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच फुटेना. तिच्याकडे जायला पाऊल टाकलं आणि गुडघ्यांवर खाली बसले. चार पावलांवर माझं पोर कठड्यावर ओणवलं होतं आणि मला उठता येत नव्हतं.

तेवढ्यात वाळत घातलेले कपडे काढायला मामी वर आल्या. त्यांनी कपडे तिथेच टाकले, धावत जाऊन लेकीला खाली ओढलं, आणि मग माझा चेहरा बघून विचारलं, "साप्टाच्चा?"

"इल्लै," मी म्हटलं. नाही. "इन्सुलिन..."

मामींनी इकडेतिकडे पाहिलं. लेकीच्या मुठीत एक अर्धा खाल्लेला मोदक होता, धपाटा खाऊनही चोरलेला. त्यांनी तो काढून माझ्या तोंडात कोंबला. गूळखोबरं जिभेवर आलं तशी मी रडायला लागले. जरा हुशारी आल्यावर मी आभाळाकडे बोट दाखवून पुटपुटले, चंद्र अजून आला नाही.

"निला अप्पवे वंदाच्चु," मामी म्हणाल्या. चंद्र केव्हाच आला. पाण्याच्या टाकीमागे हातभर वर चढून तो चांगला झळकत होता. कॅलेंडरातली वेळ मुंबईची होती. चेन्नईत तो अर्धा तास आधी उगवतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुई टोचून घेत होते तेव्हाच तो वर आलेला.

मामींनी मला धरून खाली आणलं आणि खुणा करून, इंग्रजीत, तमिळमध्ये आईंना सगळं सांगितलं. इन्सुलिन हा शब्द आईंना बरोबर कळला. त्या रागावतील, छातीला हात लावतील, असं वाटलं होतं. त्यांनी नैवेद्याचं ताट देवापुढे न नेता माझ्यापुढे ठेवलं. मी शेवटचा घास घेईपर्यंत वाढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी माझा उपास तुझ्या हवाली केला. तुला तुझं दुखणं माझ्या हवाली करता आलं नाही?"

मी फ्रिज उघडला आणि कोथिंबिरीचा डबा बाजूला सारून इंजेक्शन त्यांना दाखवलं.

पुढच्या संकष्टीला ऑफिसातून आले तर आईंनी माझं ताट वाढून ठेवलेलं. कोथिंबिरीच्या डब्यामागचं इंजेक्शन ताटाशेजारी. उजेड अजून पुरता मावळलाही नव्हता. मी कॅलेंडरकडे बघायला लागले, तर त्यांनी बाल्कनीत, समोरच्या इमारतीच्या माथ्यावरचं आभाळ दिसेल अशी, खुर्ची ओढली.

"चंद्राचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू जेव."