कुणाच्या हातचं

"शिवू नकोस गं. विटाळ होईल."

काकू असं म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात ढकलला. चमच्यातला मऊ भात माझ्या युनिफॉर्मवर सांडला. दुपारचे बारा. डायनिंग हॉल भरलेला. एक लांब टेबल, चौदा म्हातारी माणसं. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनी फक्त सांडलेला भात पाहिला. ज्यांना कळत होतं ते आपापल्या ताटात बघायला लागले. एक आजोबा तेवढे हसले. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

मी भात पुसला. दुसरा चमचा आणला. काय करणार? कामच ते होतं.

आता काकू कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना शिव्या घालून मोकळे व्हाल. सिडनीच्या क्वेकर्स हिलमधलं ते म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम काकूंनीच काढलेलं. तरुणपणी त्या नर्स म्हणून सिडनीत आल्या. एका मोठ्या होममध्ये नोकरी करताना त्यांनी पाहिलं, की आपल्याकडची, लेबनॉनची, फिजीची म्हातारी माणसं खोलीत एकेकटी गार सँडविच चघळत बसलीयत आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कुत्रंसुद्धा नाही. मग दारोदार फिरून त्यांनी हे उभं केलं. देश कुठला, देव कुठला, कुणी विचारायचं नाही. एकच स्वयंपाकघर, एकच टेबल. आणि ज्याची ड्यूटी त्याच्या हातचं खायचं. ज्याला चालत नाही त्याने दुसरं होम बघावं. भल्याभल्या नाकाने कांदे सोलणाऱ्यांना त्यांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

मला कामावर त्यांनीच घेतलं. तेव्हा त्या ठणठणीत होत्या. ते दिवस असे, की दर विमानातून विद्यार्थी उतरत होते. हॅरिस पार्कच्या दोन खोल्यांत आम्ही सातजणी. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारनंतर शिफ्ट. मी पिंपरीची, नर्सिंग शिकायला आलेली. आई सरकारी दवाखान्यात आया. आम्ही बौद्ध. मुलाखतीत मी नाव सांगितलं आणि आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर काकू म्हणाल्या, पुढचं राहू दे, तुझी पाठ दुखते का ते सांग, इथे उचलाउचली फार असते. मी हसलेच. असं मला कुणी कधी मध्येच थांबवलं नव्हतं.

दोनेक वर्षांत काकूंना विसर पडायला लागला. मग आजार वाढला आणि त्या आपल्याच होममध्ये राहायला आल्या. कारभार मुलाकडे गेला. प्रसाददादा. कॅसल हिलच्या श्रीमंत वस्तीत घर, आयटीत नोकरी, बोलणं गोड. माझं शेवटच्या सेमिस्टरचं प्लेसमेंट, म्हणजे पास व्हायला भरावे लागणारे प्रत्यक्ष कामाचे तास, तेही तिथेच लागलं.

तो भात सांडला त्याच्या आदल्या दिवशी जयंती होती. बाबासाहेबांची. मी हॅरिस पार्कमधून पेढे नेले आणि आनंदाने टेबलावर सगळ्यांना वाटले. कसले पेढे म्हणून विचारलं, मी सांगितलं. काय समजायचं ते लोक समजले. ते हसणारे आजोबा काकूंच्याच शेजारी बसायचे. त्यांनी पेढा तसाच ठेवला आणि काकूंच्या कानाशी लागले.

भात सांडल्यावर प्रसाददादाने मला ऑफिसात बोलावलं. आजार आहे गं, मनावर घेऊ नकोस म्हणाला. मी नाहीच घेतलं. खरंच. कारण दुसऱ्या दिवशी काकूंनी माझ्या हातून वाटीभर भात खाल्ला आणि मला बाळ म्हणाल्या. एक दिवस विटाळ, एक दिवस बाळ. मेंदूच तसा झाला होता त्यांचा.

पण त्याच आठवड्यात रोस्टर बदललं. माझं नाव जेवणाच्या ड्यूटीतून गेलं आणि लाँड्रीत आलं. मी म्हटलं चूक झाली असेल. पुढच्या आठवड्यातही तेच. अंघोळी मी घालायच्या, डायपर मी बदलायचे, ओल्या चादरी मी उचलायच्या. पाण्याचा जग उचलला की कुणीतरी येऊन हळूच हातातून काढून घ्यायचं. स्वयंपाकघराच्या दारात दिसले की कूक उंबऱ्यातच आडवी यायची, काय हवंय ते सांग, मी देते. आवाज कुणाचाच चढत नव्हता. सगळे हसून 'नो वरीज' म्हणायचे. भीती त्याचीच वाटायची. पिंपरीत निदान कोण काय म्हणतंय ते ऐकू यायचं. इथे दर सोमवारी नवं रोस्टर लागायचं आणि मी आधी तेच बघायचे, आज अजून काय गेलं म्हणून.

आणि काकू वाळत चालल्या होत्या. त्यांना भरवायला अर्धा तास लागायचा. चमचा ओठाला लावून थांबायचं, गिळलं का बघायचं, मग पुढचा घास. बाकीच्या मुली दहा मिनिटांत ताट उचलायच्या. वजनाच्या तक्त्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली. मी लाँड्रीच्या दारातून बघायचे. हात शिवशिवायचे माझे.

एक दिवस मला मीटिंगला बोलावलं. प्रसाददादा होता आणि हेलन होती. हेलन तिथली मुख्य नर्स, ऑस्ट्रेलियन, बाई भली. माझ्या प्लेसमेंटच्या तासांवर तीच सही करायची. समोर काकूंचा केअर प्लॅन, म्हणजे त्यांची देखभाल कशी करायची त्याचा फॉर्म. त्यात 'सांस्कृतिक आवडीनिवडी' असा एक रकाना. तिथे प्रसाददादाने लिहिलं होतं: जेवण व पाणी फक्त पारंपरिक घरातील कर्मचाऱ्याच्या हातून. आणखी चार जणांच्या फॉर्मवर तेच वाक्य, जसंच्या तसं. एक फॉर्म त्या हसणाऱ्या आजोबांचा. काकूंची नेमलेली केअरर मी होते, म्हणून त्यांच्या कागदावर माझी सही हवी होती.

हेलन प्रेमाने म्हणाली, "इट्स कल्चरल, इझंट इट? वी रिस्पेक्ट कल्चर हिअर."

माझी आई पंचवीस वर्षं दवाखान्यात राबली. पेशंट तिच्या हातून बेडपॅन घ्यायचे आणि पाणी प्यायला नर्सला हाक मारायचे. आईने ते घरी कधी सांगितलं नाही, मला फार उशिरा कळलं. आणि आता सात समुद्र ओलांडून तेच माझ्यापुढे आलं होतं, छापील फॉर्मवर, आदराने. आणि त्यावर सही मीच करायची.

माझे चाळीस तास बाकी होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय आमच्या घराला जुनी. पेन हातात होतं. सही केली असती तर कुणाला कळलंही नसतं.

पण त्या खुर्चीत मला काकू कळल्या. विटाळ हा शब्द त्यांच्या पोटात लहानपणापासून होता. माहेरी शिकवलेला, सासरी घोटलेला. त्यांना ते माहीत होतं. टेबलाचा नियम त्यांनी आधी स्वतःसाठी केला होता, मग आमच्यासाठी. रोज त्या टेबलावर बसायच्या आणि मिळेल त्या हातचं खायच्या, मुद्दाम. आजाराने त्यांची ती ताकद नेली. पण प्रसाददादाला कुठला आजार झाला होता? तिडीक गेली माझ्या डोक्यात.

मी पेन खाली ठेवलं. हेलनला इंग्रजीत सांगितलं, ही आवडनिवड नाही. मी जन्मानेच घाण आहे, माझा हात लागला की अन्न बाटतं, असा याचा अर्थ आहे. आणि तू त्यावर टिक करते आहेस. हेलन लालबुंद झाली.

प्रसाददादा मराठीत म्हणाला, हळू आवाजात, "गोऱ्यांसमोर आपली बदनामी करू नकोस. तुझं प्लेसमेंट बाकी आहे. विचार कर."

मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. म्हटलं, "मला काढायचं तर काढ. पण का काढतोस ते लिहून दे. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने."

कुणी काही लिहून दिलं नाही. शिफ्टचे मेसेज यायचे थांबले, बस. हेलनने फोन करून सॉरी म्हटलं, माझ्या हातात काही नाही म्हणाली. माझं सेमिस्टर बुडालं. तास मी दुसऱ्या होममध्ये भरले. काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी खूप रडले, आणि मला त्यांचा रागही आला. दोन्ही खरं होतं.

आज मी रजिस्टर्ड नर्स आहे. गेल्या आठवड्यात प्रसाददादाचा फोन आला. काकूंच्या नावाने कार्यक्रम आहे, नवा हॉल बांधलाय, मेयर येणार आहेत. तू आईची लाडकी, दोन चांगले शब्द बोल, जुनं काही उकरू नकोस. मी विचारलं, तो रकाना अजून आहे का. तो म्हणाला, फॅमिलीजच्या भावना असतात गं.

आहेच तर. नांदेडची एक मुलगी सध्या तिथे आहे, नर्सिंगचीच विद्यार्थिनी. हॅरिस पार्कला भेटली तेव्हा मी तिला ड्यूटी विचारली. लाँड्री म्हणाली. का ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी तिला सगळं सांगितलं.

मी हो म्हटलंय. मी जाणार. त्या रकान्यातलं वाक्य मला पाठ आहे, माइकवर म्हणून दाखवणार, आधी मराठीत मग इंग्रजीत, म्हणजे मेयरलाही कळेल. हे कुणी लिहिलं, उभं राहा, म्हणणार. नांदेडची ती मुलगी सगळ्यांच्या देखत त्या टेबलावर वाढेपर्यंत मी माइक सोडणार नाही.