पावलोबांचा डावा हात

ज्या मालिकेसाठी अर्धं शहर रात्री साडेअकराला दिवे मालवून बसत असे, तिच्यातला प्रणय सकाळी सव्वादहाला, ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफटक उजेडात, एका तळघरात तयार होत असे. तो तयार करणाऱ्या माणसाचं वय होतं चोपन्न. पोट पट्ट्याला जुमानत नव्हतं, डाव्या गुडघ्यात कळ होती आणि डब्यात कालचा कोबी होता.

त्यांना सगळे पावलोबा म्हणत. शूटिंगच्या वेळी नटनट्यांची वाक्यं तेवढी नीट टिपली जातात. पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हे सगळं नंतर कुणीतरी पडद्याकडे बघत बघत वाजवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे पावलोबा. त्यांच्या खोलीत वाळूचा ट्रे होता, खडीचा ट्रे होता, एक कुठल्याच खोलीत न उघडणारं दार होतं, सत्तावीस जोडी पादत्राणं होती. त्यांत उंच टाचांचे लाल बूटही होते, नऊ नंबरचे, खास बनवून घेतलेले. नायिका चंदेरी झग्यात जिना उतरू लागली की लोकांच्या काळजात जी टकटक होई, ती पावलोबांच्या गुडघ्यातली कळ सोसून झालेली असे.

आणि चुंबनं. पडद्यावर दोघं जवळ येत तेव्हा खरा आवाज मिळत नसे. मिळालाच तर पंख्याचा मिळे. मग पावलोबा डाव्या हाताची बाही वर करत, मनगटाच्या चार बोटं वर, जिथे केस नाहीत तिथे, ओठ टेकवत आणि पडद्यावरच्या हालचालीला हालचाल जुळवून काम उरकत. काचेपलीकडे रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळणारा त्यांचा जुना सोबती बसे. त्याचं नाव मीटर पडलं होतं, कारण तो माणसाकडे न बघता काट्याकडे बघून बोलायचा. "जरा कोरडं वाटतंय," मीटर म्हणे. "पाणी पी. ही पहिली भेट आहे, पोस्टाचं तिकीट नाही चिकटवायचं."

सव्वीस वर्षं पावलोबांनी प्रणय असा किरकोळीत आणि घाऊक पुरवला होता. संध्याकाळी घरी पोचत तेव्हा ओठ बधिर झालेले असत. बायको म्हणे, "दिवसभर वाट बघायची आणि आल्यावर हे गप्प. तोंड दुखतं का बोलायला?" दुखायचं हो, खरोखर दुखायचं. पण हे सांगणार कसं? लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "ध्वनिविभागात म्हणजे नक्की काय करता?" सासरे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या चष्म्याकडे बघून पावलोबा म्हणाले होते, "घोड्यांच्या टापा." तेव्हापासून घरात घोडेच होते. पुढे दारं आली, पाऊस आला, एकदा विमानही आलं. चुंबनाचा विषय मात्र उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, कुठल्याच अर्थाने.

बायको तीच मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी कपड्यांच्या घड्या घालत फोनवर बघे. "असतं बाई एकेकीचं नशीब," असं उशांच्या अभ्र्यांना सांगे. त्यातलं एक गाणं तर तिला पाठ होतं. एका गाजलेल्या गायिकेचं ते गाणं दोन महिने जिथे तिथे वाजत होतं. त्यात दोन कडव्यांच्या मध्ये तीन चुंबनं होती आणि शेवटी एक लांब उसासा. गायिका आली होती, गायली होती आणि विमान पकडायला गेली होती. चुंबनांना थांबायला तिला वेळ नव्हता. ती तिन्ही पावलोबांची होती. उसासाही त्यांचाच, पण तो त्यांनी केलेला नव्हता. चाळिसाव्या वेळेला ते नुसते दमले होते, माईक चालू राहिला आणि गाणं काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तिथेच गाणं संपवलं.

लोकांना शब्दांपेक्षा चुंबनंच आवडली. तेव्हा कंपनीने गाण्याची लांब आवृत्ती काढायची ठरवली. तिनाची अकरा. शिवाय या वेळी पावलोबांकडून एका कागदावर सही घेतली: हे आवाज गायिकेचे नाहीत, हे कुणालाही सांगणार नाही. त्या दिवशी सकाळपासून चारपर्यंत एकच हात आणि एकच जागा. गायिकेच्या मेकअपवालीने दया येऊन ओठांना लावायच्या मलमाची डबी दिली, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. पावलोबांनी ती खिशात टाकली आणि विसरले.

त्या संध्याकाळी हात धुताना त्यांनी बाही वर केली. रुपयाएवढा जांभळा डाग बायकोच्या नजरेसमोर आला.

"हे काय?"

"डास."

"डासाला दात कधीपासून आले?"

"मोठा होता."

बायकोने धुवायला काढलेल्या पँटच्या खिशातून गुलाबी डबी आणून ओट्यावर ठेवली. झाकण उघडलं. स्वयंपाकघरभर स्ट्रॉबेरी दरवळली. "आणि हा त्याचा साज का?"

पावलोबांनी तोंड उघडलं. समोर कागद आला, सही आली, त्यामागून सासऱ्यांचा चष्मा आला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मराठीत इतकी वाक्यं असताना त्यांना नेमकं हेच सापडलं.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आवाजाचं काय करायचं ते पावलोबांना कळत होतं. ती म्हणाली, "उद्या सहापर्यंत सांगा. नाहीतर मी ताईकडे जाते. थोड्या दिवसांसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी पावलोबांची पावलं पडद्यावरच्या पावलांच्या मागे पडू लागली. मीटरने काच वाजवली. "नायक खोलीत पोचला, तू अजून जिन्यातच आहेस. काय झालं?"

पावलोबांनी सांगितलं. मीटर आधी हसला, मग काट्याकडे बघून गंभीर झाला. "कागद म्हणजे कागद. बाहेर फुटलं तर आपण दोघेही घरी."

"घरी जायला घर तर राहायला हवं ना," पावलोबा म्हणाले. डबा न उघडताच त्यांनी पिशवी उचलली.

साडेपाचला ते पोचले तेव्हा दारात बॅग तयार होती. बॅगेच्या पट्ट्याखाली तिची उशी होती. बायको लग्नाकार्याला जाताना उशी नेत नसे. उशी म्हणजे मुक्काम.

"सांगतो," ते दारातच म्हणाले. "पण मी सही केलीय, बाहेर बोलणार नाही अशी."

"मी बाहेरची का?"

पावलोबांनी खूप दिवसांनी बायकोकडे नीट पाहिलं. तीही दमलेली होती. रात्रभर झोपली नसावी. "नाही," ते म्हणाले, आणि सव्वीस वर्षांचं सगळं भडाभडा सांगून मोकळे झाले. घोडे, दारं, मनगट, कागद, गायिकेचं विमान.

बायकोने शेवटपर्यंत ऐकलं. "झालं? यापेक्षा डास बरा होता."

"तू ते गाणं लाव. मी करून दाखवतो."

तिने फोन समोर धरला तो पंचाने घड्याळ धरावं तसा. पावलोबांनी बाही वर केली, जुना डाग टाळून जरा वर जागा शोधली. पण घशाला कोरड पडली होती. पहिल्या कडव्यानंतर गायिकेचं रेशमी चुंबन वाजलं आणि त्याच्या पाठोपाठ, अर्धा सेकंद उशिरा, बरणीचं झाकण निघावं तसा पावलोबांचा आवाज आला.

"ताई सातला जेवते," बायको म्हणाली आणि बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"थांब. पाणी." त्यांनी तांब्या तोंडाला लावला, डोळे मिटले, खांदे सैल सोडले. "पहिल्यापासून लाव."

या वेळी ते दारात नव्हते, तळघरात होते. पहिलं वाजलं आणि तेव्हाच मनगटावरही वाजलं. दोन आवाजांमध्ये केसही शिरला नसता. दुसरं, तिसरं. बायकोची भुवई वर गेली, पण पट्टा हातातून सुटला नाही. "इतक्या वेळा ऐकून कुणीही जुळवेल," ती म्हणाली.

पावलोबांकडे आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाली वाकून बूट काढायला घेतले. फोनवर गाणं शेवटाकडे चाललं होतं. डाव्या पायाचा बूट निघाला, गुडघ्यात कळ आली आणि पावलोबांनी उसासा टाकला. बरोबर तेव्हाच फोनमधून गायिकेनेही टाकला. तोच. आधी नाकातून बारीक, मग छातीतून लांब, आणि शेवटी 'हां' की 'हूं' न कळणारं काहीतरी.

बायकोने पट्टा सोडला.

"थांबा," ती म्हणाली. गाणं मागे नेऊन तिने उसासा पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. "अहो, हा तर बुटांचा आहे! रोज संध्याकाळी दारात टाकता तो!"

"त्या दिवशी दमलो होतो," पावलोबा ओशाळून म्हणाले.

"आणि समोरच्या घरातली सून यावर जीव टाकते. म्हणते, या बाईने आयुष्यात काय प्रेम केलं असेल!" ती मटकन समोरच्या खुर्चीत बसली आणि हसू लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तो नेमका कशासाठी हे पावलोबांना कळलं नाही. मग ती म्हणाली, "सव्वीस वर्षं. सगळ्या गावाला वाटलंत. स्वतःच्या हातालासुद्धा दिलंत. आमच्या वाट्याला बूट."

पावलोबांनी मान खाली घातली. पुढे काय करायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर हजारदा पाहिलं होतं. ते उठून तिच्याजवळ गेले, आणि तिथेच थांबले. ओठ सुजलेले होते. "आज... खरंच दुखतंय गं," ते म्हणाले.

"माहीत आहे. बसा."

तिने ओट्यावरची गुलाबी डबी आणली, बोटावर मलम घेतलं आणि त्यांच्या हातावरच्या डागाला हळूहळू लावू लागली. अजिबात आवाज न करता. पावलोबांना तसं काम कधीच जमलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. अजून का निघाली नाहीस म्हणून विचारत होती.

"नाही येत गं," बायको म्हणाली. मलमाचं बोट तसंच वर धरलेलं होतं. "यांना कामावर लागलंय."