उलट विचारता येईल असा नंबर

खोपटच्या आमच्या दुकानात मी धंद्याच्या मेसेजसाठी नंबर रजिस्टर करून देतो. शहाडला रक्ततपासणीची लॅब चालवणाऱ्या एक बाई एकदाच आलेल्या. मी दाखवलेला प्रत्येक नंबर डोळे मिटून पुटपुटायच्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पुढचा मागायच्या. "म्हाताऱ्या पेशंटना पाठ व्हायला हवा हो."

वैतागून मी म्हटलं, "मॅडम, नंबर सोडा. नंबरच्या जागी लॅबचं नाव दिसेल, तसेच मेसेज पाठवा. सगळे तेच घेतात."

"त्यावर कुणी उलट मेसेज केला तर?"

"जाणारच नाही."

त्यांचं बोट थांबलं. "नको मग. रिपोर्ट गेला की पाच मिनिटांत लोक विचारतात, 'मॅडम, घाबरण्यासारखं आहे का?' ते कुणाला विचारणार?"

आदल्याच दिवशी आईचा रिपोर्ट असाच दुसऱ्या एका लॅबच्या नावाने आलेला. दोन आकडे लाल होते. जाणार नाही हे माहीत असूनही घाबरून मी नेमकं हेच तीनदा विचारलेलं, आणि तिन्ही वेळा मेसेज गेलाच नव्हता.

त्यांचा नंबर रजिस्टर करून झाल्यावर मी आईचा रिपोर्ट उघडून मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी पर्समधून चष्मा काढला.