आत्यांनी जमवलेला कोरम

माझं शिलाई मशीन दारात, आणि समोर रस्त्यापलीकडं चहाचं हॉटेल. त्यामुळं देशात काय चाललंय हे मला टीव्ही न लावता समजतं. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, जाफराबादच्या रस्त्याला. सकाळी धारा काढून झाल्या की गावातले निम्मे गडी त्या हॉटेलात येऊन बसतात आणि ऊन चटकेपर्यंत सरकारं पाडतात न् बसवतात. कोणता आमदार कोणाच्या गाडीतून गेला, गाडीत मागं कोण बसलं होतं, दिल्लीत कोण कोणावर रुसलंय, सगळं तोंडपाठ. आमचे मालक तर त्यात अव्वल. घरातलं सिलिंडर संपलं हे त्यांना दोन दिवसांनी कळतं, पण मुंबईत कोण कोणाच्या बंगल्यावर जेवायला गेलं, हे तिथली ताटं वाढायच्या आधी कळतं.

या हॉटेलाचा एक रिवाज आहे. पेपर वाचून झाला की हॉटेलवाला हातातली किटली खाली ठेवतो आणि विचारतो, "सरकार टिकतंय म्हणणारे, हात वर." ज्या बाजूला हात कमी, त्यांनी सगळ्यांना चहा पाजायचा. म्हणून आमच्या गावचे गडी हात उचलण्याआधी मान फिरवून चौफेर बघतात, आणि जिकडं गर्दी दिसेल तिकडं आपला हात घुसवतात. मत गेलं चुलीत, चहा फुकट पाहिजे. मी मशीनवर बसून हे रोज बघते न् पदराआड हसते.

एवढी हुशार जनता, तर ग्रामसभेला उभं राहायला जागा मिळत नसेल, असं कुणालाही वाटेल. पण तिथं काळं कुत्रं फिरकत न्हाई. सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई एकमेकांची तोंडं बघत बसतात. शंभरएक माणूस जमलं तर कोरम झाला, नाहीतर सभा तहकूब. आणि गंमत अशी, की तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागतच न्हाई. मंग सरपंच आणि त्यांचा मेव्हणा जे बोलतील ते मंजूर. आता सरपंचांच्या मनात वेशीवर स्वागतकमान बांधायची होती. आमच्या गावात पाहुणा आला तर खड्ड्यात आपटूनच येतो, त्याचं स्वागत कमान कशाला करील, पण असो.

माझ्या सासूबाईंच्या मनात मात्र दुसरंच होतं. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना स्मशानात शेड पाहिजे होतं.

त्याला कारण होतं. माझे सासरे श्रावणात गेले, आणि त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. आमच्या स्मशानात ना छप्पर ना आडोसा. चार जणांनी सरणावर पत्रे धरले, जुने टायर घातले, डिझेल ओतलं, तरी लाकूड पेट घेईना. आमच्याकडं बायका स्मशानात जात न्हाईत, म्हणून आत्या घराच्या स्लॅबवर उभ्या राहून लांबून बघत होत्या. धूर वर जाईचना, जमिनीलगतच घुटमळत राह्यला. मालक ओलेचिंब होऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं घेऊन गेले. कशाला गेले हे कुणी बोललं न्हाई, आणि आत्यांनी विचारलं न्हाई.

त्यानंतर आत्यांचं एकच. "माझ्या टायमाला वर पत्रा पायजे. तुम्ही लेकरांनी हातात धरलेला न्हाई, खांबावर ठोकलेला."

त्या ग्रामसभेला जाऊ लागल्या. नवं लुगडं नेसून जायच्या आणि घटकाभरानं परत यायच्या. "काय झालं आत्या?" म्हणलं की उत्तर ठरलेलं. "मी होते, ग्रामसेवक होता, शिपाई झोपला होता. तहकूब." मालकांना म्हणाल्या, बाबा, तू तरी चल. मालक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "आई, तिथं काय राजकारण असतंय का?" आत्यांनी पानाला चुना लावता लावता हॉटेलाकडं असं काही बघितलं, की मला तेव्हाच कळलं, आता कुणाची तरी खैर न्हाई.

हॉटेलात जे दूध जातं ते आमच्या म्हशींचं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आत्या हॉटेलवाल्यासमोर जाऊन उभ्या राह्यल्या. "उद्या झेंडावंदन झालं की दूध ग्रामपंचायतीच्या अंगणात मिळंल. इथं मिळणार न्हाई."

"अहो मावशी, मंग माझी भट्टी?"

"ती बी तिकडंच ने. आणि पंधरा ऑगस्ट हाय, जिलेबी बी तिथंच तळ."

हॉटेलवाल्यानं जरा कुरकुर केली. पण दुधाशिवाय चहा कसला, आणि चहाशिवाय ती मंडळी कसली. त्यानं भट्टी हलवायची तयारी केली.

गड्यांचं जमलं, बायांचं काय करायचं? ते मी केलं. श्रावणात माझ्याकडं ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो, आणि आपलं ब्लाउज मिळावं म्हणून बाई कुठंही येते. मी सगळ्यांना निरोप धाडला, ब्लाउज तयार आहेत, ग्रामपंचायतीत मिळतील. एकीनं विचारलं, "तिथं का गं?" मी म्हणाले, माझ्या दारात चिखलाचा गारा झालाय. गारा खरंच झाला होता. सकाळी मीच दोन बादल्या पाणी ओतलं होतं.

झेंडा फडकला, आणि ग्रामसेवकानं डोळे चोळले. लिंबाखाली भट्टी पेटलेली, जिलेबी तळून राह्यलेली, गडी पेपर पसरून घोळक्यानं बसलेले. पलीकडं बाया माझ्याभोवती, ही बाही घट्ट झाली, तो गळा मोठा झाला. शिपाई जागा होता. कोरम झाला होता हो. सरपंचांचा चेहरा मात्र उतरला. एवढी माणसं बघायची त्यांना सवय नव्हती.

ग्रामसेवक उभा राह्यला. "विषय दोन आहेत, स्वागतकमान आणि स्मशानशेड. निधी एकाच कामापुरता आहे. ग्रामस्थांनी काय ते ठरवावं." गडी कुठले ऐकतात. सरकार दिवाळी बघतंय का न्हाई यावर त्यांची हमरीतुमरी चालली होती. सरपंचांच्या मेव्हण्यानं संधी साधली. म्हणाला, मंडळी कामात आहेत, आपण कमान धरून चालू.

आत्या उठल्या. "धरून चालायचं न्हाई. बराबर विचारा. शेड पायजे म्हणणारे कोण?"

तेवढ्यात भट्टीजवळून हॉटेलवाला सवयीनं ओरडला, "हात वर."

मी बायांना आधीच कानात सांगून ठेवलं होतं, आणि ब्लाउज अजून माझ्याच पिशवीत होते. सगळ्या बायांचे हात एकदम वर गेले. गड्यांनी 'हात वर' ऐकलं न् वाद जागच्या जागी थांबला. माना फिरल्या. जिकडं बघावं तिकडं हातच हात. आपण कमी पडलो, आता चहा पाजावा लागणार, या धास्तीनं त्यांचेही हात भराभर वर गेले. विषय काय, कशाचा ठराव, विचारायला वेळ होता कुणाला? मेव्हण्याचा हात वर गेला. सरपंचांचाही अर्धा गेला होता, तो त्यांनी टोपी सारखी करायच्या निमित्तानं फिरवला.

शेड मंजूर झालं. मागून एक जण शेजाऱ्याला विचारत होता, "काय ठरलं मंग, टिकतंय का पडतंय?"

मी हसून हसून बेजार. पण एक गोष्ट मी पाह्यली होती. मालकांनी मान फिरवली नव्हती. बायांचे हात वर जायच्या आधीच त्यांचा हात वर होता, आणि डोळे आत्यांकडं होते. घरी आल्यावर मी छेडलं, "तुम्हाला तरी कळलं होतं का, कशाला हात वर केला ते?"

"पत्रा मी धरला होता तवा," एवढंच बोलले आणि परत मोबाइल उघडला. मी भाकरी टाकायला वळले, कारण माझेच डोळे भरून आले होते.

शेड उभं राहायला पुढचं वर्ष उजाडलं. काम चालू असताना आत्या रोज बघायला जायच्या. गावात कुजबुज झाली, बायांनी तिथं जाऊ न्हाई. आत्या म्हणाल्या, "शेवटी नेऊन घालणार तिथंच न? मंग जागा पाहून घेते." आता हॉटेलातली मंडळी उन्हाळ्याची दुपारची तिथल्याच ओट्यावर बसतात. वारं चांगलं लागतं म्हणे. सरकारं तिथंही पडतात.

यंदा श्रावणात मामंजींच्या तिथीला आत्या मला म्हणाल्या, चल. पाऊस धो धो चालू होता. एका छत्रीत दोघी गेलो आणि ओट्यावर टेकलो. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. आत्या मधल्या जागेकडं बघत राह्यल्या, जिथं सरण रचतात. उठल्या, वाकल्या, तिथल्या मातीवर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"कोरडी हाय गं," म्हणाल्या.

मग हात पदराला पुसला, वर बघितलं, आणि कोपऱ्यात जाऊन उभ्या राह्यल्या. तिथं एका खिळ्याजवळून टिपूस टिपूस पाणी गळत होतं. आत्यांनी ते हातावर झेललं, निरखून पाह्यलं, आणि मला विचारलं, "पुढली ग्रामसभा कधी हाय?"