काचेपलीकडचे बोलणे

एमआरआय विभागात तिला सगळेच मावशी म्हणत. तंत्रज्ञ, डॉक्टर आणि तिच्याहून वयाने मोठे असलेले रुग्णसुद्धा. खोलीबाहेर बसून माणसांच्या अंगावरचा धातू उतरवून घेणे, हे तिचे एकोणीस वर्षांचे काम. घड्याळ, अंगठी, केसांतल्या पिना, कवळी सगळे ट्रेमध्ये. मग हृदयात पेसमेकर आहे का, हाडात पट्टी बसवली आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे एकेक करून विचारायचे आणि ‘नाही’ म्हटले तरी पुन्हा एकदा फिरवून विचारायचे. माणूस विसरतो, चुंबक विसरत नाही, असे ती म्हणे. एका गृहस्थांनी खिसे रिकामे करून विचारले होते, बायकोलाही इथेच ठेवू का? फॉर्मवरची नजर न उचलता ती म्हणाली होती, "ठेवा. पावती मिळणार नाही."

त्या दिवशी ट्रेमध्ये पडले ते तिच्या नवऱ्याचे श्रवणयंत्र.

एकतीस वर्षे यंत्रमागावर काढून त्याचे कान गेले होते. मागांच्या खडखडाटात कुणाचे कुणाला ऐकू येत नसे, म्हणून विणकर चार-चार मागांपलीकडून एकमेकांच्या ओठांवरून बोलणे ओळखत. कान गेले, ती सवय तेवढी राहिली. दोन महिन्यांपासून त्याचे डोके ठणकत होते, डावा पाय उंबऱ्याला अडखळत होता. डोक्यात गाठ आहे की नाही, ते आज कळणार होते.

त्याची तक्रार एकच होती: आत त्याला कुणाचेच ऐकू येणार नाही. तिने परवानगी काढली. ती त्याच्या पायाशी उभी राहणार. फोटो सुरू झाला की तिने त्याच्या पायाचा तळवा एकदा दाबायचा, संपला की दोनदा. हातात रबरी फुगा असेल, गुदमरल्यासारखे वाटले तर तो दाबायचा. डोक्याभोवतीच्या पिंजऱ्यावर तिने मुद्दाम आरसा बसवून घेतला, म्हणजे पडल्या पडल्या त्याला ती दिसत राहील.

"हादरे बसतील. घाबरायचं नाही," तिने बजावले.

"मागावर जन्म गेला माझा. मला हादरे थांबले की भीती वाटते."

वीस मिनिटांचे काम होते. ज्या काचेमागे तंत्रज्ञ आणि डॉक्टरबाई बसत, तिच्याकडे पाठ करून ती उभी राहिली, कानांत बोळे घालून तळवा दाबत राहिली. शेवटचा फोटो झाला, दोनदा दाबून झाले, पण तो निजला होता ती फळी काही यंत्राबाहेर सरकेना. बऱ्याच वेळाने दार उघडून तंत्रज्ञ आत आला. त्याच्या हातात सिरिंज होती.

"मावशी, औषध देऊन आणखी थोडे फोटो घेऊ." तो शिरेकडे पाहत होता, तिच्याकडे नाही.

या इंजेक्शनने फोटो स्पष्ट येतो, घाबरण्यासारखे काही नसते, असे तिने आजवर हजारोंना सांगितले होते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असे. पण नवऱ्याच्या चिठ्ठीवर इंजेक्शन लिहिलेले नव्हते, हे तिने सकाळीच वाचले होते. आरशात तो आपल्याला पाहतो आहे, या जाणिवेने तिने चेहरा सावरला, हसलीसुद्धा.

तंत्रज्ञ काचेमागे परतला, फोटो पुन्हा सुरू झाले आणि अचानक नवऱ्याचा तळवा तिच्या हातात आखडला. औषध गार लागले असेल, म्हणून तिने चादर ओढून दिली. तो हलल्यामुळे एक फोटो पुन्हा काढावा लागला.

बाहेर येऊन त्याने श्रवणयंत्र खिशात टाकले. तिने नेहमीचे वाक्य म्हटले: रिपोर्ट दोन दिवसांनी मिळेल, डॉक्टर समजावून सांगतील, आत्ताच काही कळत नाही. तो तिच्या ओठांकडे शेवटच्या शब्दापर्यंत पाहत राहिला.

"रोज किती जणांना सांगतेस हे?"

"सगळ्यांना."

"चांगलं सांगतेस." मग बुटात पाय घालता घालता तो हळूच म्हणाला, "डॉक्टरबाई म्हणत होत्या, गाठ मोठी आहे. खूप आत आहे, ऑपरेशनला कुणी हात लावेल असं वाटत नाही. आणि त्या पोराला म्हणाल्या, मावशींना आज काही बोलू नकोस."

क्षणभर तिला वाटले, याला भास झाला. मग उलगडले. आरशात ती दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून मागची काचही दिसत होती. माइक बंद केला की आत काही ऐकू जात नाही, या खात्रीने त्या काचेमागे एकोणीस वर्षे सगळे मोकळेपणी बोलत आले होते. तीही बोलली होती.

ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. कामाच्या वेळेत त्या बाकावर ती कधी बसली नव्हती.

"अहो, मला आधी का नाही सांगितलंत? बाहेर आल्या आल्या?"

"तू हसत होतीस आत. म्हटलं, हसू दे अजून थोडा वेळ."

दार उघडून तंत्रज्ञ आला. हे वाक्य कसे म्हणायचे, कुठे थांबायचे, नजर कुठे ठेवायची, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनेच शिकवले होते. "मावशी," तो म्हणाला, "रिपोर्ट दोन दिवसांनी. आत्ताच काही कळत नाही."

दोघांनीही माना डोलावल्या. नवऱ्याने तर त्याचे आभारही मानले.